थिजलेल्या तेवीस घड्याळांची व्यवस्था

मी, तुळशीराम धर्मा घरत, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीचा धंदा रेवस बंदरावर लाँचचा तिकीट कारकून, हल्ली काही नाही, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, हात मात्र नाहीत. कंपवातामुळे दोन वर्षे लेखणी धरता येत नाही, म्हणून मी सांगतो आणि सदा गुरुजी लिहितात. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. डॉक्टरांनी जे सांगायचे ते परवा सांगितले, तेव्हा हे आजच उरकायचे.

१. पत्नी भागुबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा शिवदास मुंबईस नोकरीला आहे. घरात माझ्याजवळ धाकटी बहीण वेणूबाई राहते. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि चौलच्या सासरच्यांनी महिनाभरात तिला बैलगाडीतून आमच्या दारात आणून उतरवले. त्या मंडळींपैकी कोणालाही माझ्या तेराव्याला बोलावू नये. तेव्हापासून चौतीस वर्षे हे घर ती चालवते. माझ्यामागे तिने कुठे राहायचे, एवढ्या एका प्रश्नासाठी हा कागद आहे.

२. घर आणि नारळी-पोफळीची वाडी मी तिलाच देणार होतो. अलिबागच्या वकिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "घरत, ही मिळकत वडिलार्जित. मुलाचा तिच्यात जन्मापासून हक्क. तुम्ही डोळे मिटलेत की ती त्याची. बहिणीला त्यातला एक नारळसुद्धा मृत्युपत्राने देता येणार नाही." हयातीत वाटणी झाली तर काही करता येईल, पण त्याला वर्ष लागेल. डॉक्टर मला वर्ष देत नाहीत. शिवदासला दादरला खोली घ्यायची आहे, वाडीला गिऱ्हाईकही त्याने पाहून ठेवले आहे. आत्याचे काय, असे विचारले तर म्हणाला, "बघू." मुलगा वाईट नाही. पण त्याचे "बघू" मी तो लहान असल्यापासून ओळखतो.

३. माझ्या स्वतःच्या कमाईचे म्हणून माझ्याकडे एकच आहे: स्वित्झर्लंडची मनगटी घड्याळे, नग तेवीस, सर्व जुनी, सर्व दुसऱ्याच्या हातची. नवे घेण्याची ऐपत नव्हती, आणि खरे सांगायचे तर नव्यात मला गोडीही नव्हती. लढाईवरून परतलेल्या हवालदाराचे वेस्ट एंड, आगबोटीवरच्या एका खलाशाचे फाव्हर-ल्यूबा, शिवाय रोमर, सायमा, तबकड्या चहासारख्या पिवळ्या पडलेल्या. बोर्ली पंचतनचे माझे दोस्त रफिक बोटीवर होते. ते एडनहून एखादे आणीत आणि म्हणत, "तुळशीदादा, काच गेलेली हाय, पन काळीज शाबूत हाय." मी पाठ उघडून, डोळ्याला भिंग लावून बसायचो. ती बारीक चक्रे एकमेकांना धरून चालताना पाहिली की दिवसभराचा शीण जायचा. आमची लाँच मात्र भरतीवर सुटे. वेळ झाली असे सांगायला गेलो की तांडेल म्हणे, "पानी आलं का सुटंल. तुमच्या घड्यालात काय वाजलं ते तुमी बघा." अठ्ठावीस वर्षे माझ्या मनगटावर बरोबर वेळ होती आणि बंदरावर ती कोणाला नको होती.

सोबतच्या यादीतले एकोणिसावे घड्याळ बायकी आहे, नाण्याएवढे. ते १९४९ साली मी वेणूसाठीच घेतले. मग विधवेच्या मनगटावर घड्याळ पाहून गाव काय म्हणेल या विचाराने डबीत ठेवले. गाव काही म्हणाले नव्हते. मीच आधी घाबरलो.

४. हेही नोंदवा, गुरुजी. १९४८ साली देवळामागची दोन गुंठे जागा विकायला निघाली होती, तीवर कुडाची एक खोली. वेणूने उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकदाच काही मागितले. म्हणाली, "दादा, ती माज्या नावाव घे. उद्या मला कुनी जा म्हनाया नको." मी हो म्हटले. पगार झाला की बयाणा देऊ म्हटले. पगार झाला त्या शनिवारी रफिकनी एनिकारचे घड्याळ आणले. पुढच्या महिन्यात आणखी एक निघाले. दिवाळीपर्यंत जागा दुसऱ्याने घेतली. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि मी तो सोयीने विसरलो.

५. हात गेल्यावर घड्याळांना चावी देण्याचे काम वेणूने आपणहून अंगावर घेतले. सकाळच्या चहानंतर तेवीसही. गेल्या पौषात तिला दोन-चार घड्याळांवर गंज दिसला. खाऱ्या हवेत तो धरतोच. माझी घड्याळाच्या तेलाची बाटली रिकामी होती. मी पाठ कशी उघडतो ते तिने वर्षानुवर्षे पाहिलेले. तिने चाकूच्या टोकाने एकेक उघडले आणि गोधडीच्या सुईने प्रत्येकात घाण्यावरचे ताजे खोबरेल सोडले. आमच्याकडे डोक्याला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, शिवणयंत्रालाही तेच. मला म्हणाली, "दादा, सगळ्यांना तेल घातलंय. आता गंजायची न्हायत." तिसऱ्या दिवशी थंडी पडली. तेल थिजले, चक्रांवर पांढरा थर बसला आणि तेवीस घड्याळे बंद. दुपारी ऊन चढले की दोन-तीन आपोआप चालू होत, संध्याकाळी पुन्हा गप्प. पूर्वीचे हात असते तर महिन्याभरात मी सगळी धुऊन काढली असती. ह्या हातांनी एक झाकण उघडेना. त्या रागात मी तिला म्हणालो, "तुझा हात लागला की चालतं ते बंद पडतं. आधी नवरा, आता ही."

ती हात पदराला पुसून आत गेली. तेव्हापासून ती घड्याळांना शिवत नाही, आणि मलाही नाही. घास चमच्याने भरवते, अंगाला बोट लागू देत नाही.

६. तेवीसही घड्याळे मी वेणूबाईस देतो. रफिकनी मुंबईच्या एका कारागिराला विचारले. तो म्हणाला, धुण्याला जेवढे पैसे पडतील तेवढी घड्याळाची किंमतही येणार नाही. म्हणजे मी तिला काय देतो आहे ते मला कळते. शिवदास, वाडी वीक, पण मागची पडवी आणि विहिरीचे पाणी आत्यासाठी वगळून वीक. हा हुकूम नाही, हुकमाचा मला अधिकार नाही. बापाची विनंती आहे.

७. उरले एक, जे द्यायला वकील लागत नाही. पौषात मी बोललो ते खोटे होते. चुकले ते तेल, हात नव्हे. त्या हातांनी हे घर चौतीस वर्षे चालते ठेवले. हे तोंडाने सांगायला मी तिला तीनदा हाक मारली आणि ती समोर आली की चहा मागितला. मला तिच्यासमोर लाज वाटते. म्हणून कागदावर घालतो, म्हणजे नंतर कच खाता येणार नाही.

पुरवणी. वरील मजकूर गुरुजींनी साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला. वेणू पडवीत होती. ती आत आली आणि म्हणाली, "बाकी काय बी ऱ्हाऊ द्या. ते माज्या हाताचं नि नवऱ्याचं तेवडं खोडा. हा कागद कचेरीत जानार. शिवदासची बायको वाचंल, चौलवाल्यांच्या कानाव जाईल. आजवर ते आपल्या दोघांनाच ठावं होतं."

मी म्हटले, खोडा. गुरुजींनी लेखणी टेकवली आणि थांबले. म्हणाले, "दस्तात शब्द खोडले तर कोणते खोडले ते तळाशी पुन्हा लिहून त्याखाली सह्या घ्याव्या लागतात. नाहीतर उद्या शिवदासचा वकील सगळाच कागद खोटा ठरवील." सबंध कागद नव्याने लिहू, असे मी म्हणालो. पण माझी जीभ सकाळपासून जड होते आहे. संध्याकाळी माझे बोलणे कोणाला समजेल, याची खात्री डॉक्टर देत नाहीत.

वेणू कागदाजवळ आली. मग म्हणाली, "म्हंजे दोनदा लिवनार? नको मग. एकदाच ऱ्हाऊ दे."

कलम ५ जसेच्या तसे ठेवले आहे. खाडाखोड नाही.

मुक्काम नागाव, ता. २१ फेब्रुवारी १९५४

तुळशीराम धर्मा घरत, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. ठसा हलला आहे, तो त्यांचाच.

साक्षीदार: रफिक, माजी खलाशी, राहणार बोर्ली पंचतन
साक्षीदार: विठोबा राघो म्हात्रे, शेजारी, राहणार नागाव

त्यांनी सांगितले तसे लिहिले: सदा कान्हा पाटील, निवृत्त शिक्षक