भाऊचा कायदा

ता. ९ मार्च
चि. भाऊस, अ. उ. आशीर्वाद.
खासदार झाल्यावर तू पहिल्यांदा रेडिओवर बोललास, म्हणून शिक्षकांच्या खोलीत सगळे तास सोडून ऐकत बसलो. आवाज अजून मास्तराचाच आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पण बोललास काय, तर लग्न झालेल्या मुलींना नेहमीच्या वर्गात बसू देऊ नये. अरे, याच शाळेत हेडमास्तर एका नव्या नवरीला दारातून परत पाठवत होते, तेव्हा ती वर्गात नसेल तर मीही शिकवणार नाही, असं म्हणून व्हरांड्यात ठाण मांडणारा मास्तर कोण होता? ती आज इथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिनेही भाषण ऐकलं. एवढंच म्हणाली, की सर थकले असतील.
तुमच्या पक्षाला जुनं ते सोनं वाटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पाढे पाठ हवेत, थोरांचा मान राखावा, हे मलाही पटतं. हे मात्र नाही पटत.
लोभ आहे, म्हणून लिहिलं.
तुझी ताई

ता. २१ मार्च
ती. ताईस, शि. सा. नमस्कार.
पत्र वाचून कान धरून उभं केल्यासारखं वाटलं. पण ताई, एका मुलीसाठी अडून बसणं वेगळं आणि देशाचा कायदा करणं वेगळं. घरसंसाराची घडी मोडू नये म्हणून लोक मला निवडून देतात. शिवाय आम्ही कुणाचं शिक्षण तोडत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग निघतील. विधेयक मंजूर झालं की शिक्षण समितीचं अध्यक्षपद मलाच, असं नेते म्हणाले. आई असती तर सुखावली असती. गुडघ्याला जप, आणि लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

ता. ३ जुलै
चि. भाऊस, आशीर्वाद.
अध्यक्ष झालास, अभिनंदन. तुझा कायदा काल आमच्या शाळेत पोचला. सुताराची मुलगी फळ्यापाशी प्रमेय सोडवत होती. वर्गात सगळ्यांत हुशार, उन्हाळ्यात लग्न झालेली. सासू स्वतः तिला शाळेत आणून सोडते. तपासनिसांनी तिला खडू ठेवून बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, हातातलं प्रमेय पुरं केल्याशिवाय माझ्या वर्गातून कुणी जात नाही. तिने ते पुरं केलं, मी तिला तिच्या जागेवर बसवलं आणि शाळा सुटताना माझ्या हातात निलंबनाचा हुकूम पडला.
तुझ्या संध्याकाळच्या वर्गाच्या खोलीत मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. शिक्षक नेमलेलाच नाही. त्या घराची घडी सासू नीट सांभाळत होती रे. तुला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं?
तुझी ताई

ता. ११ जुलै
ती. ताईस, शि. सा. नमस्कार.
बातमी कळल्यापासून अन्न गोड लागत नाही. अधिकाऱ्यांशी फोनवर बोललो आहे. गैरसमज झाला, असं दोन ओळींत लिहून दे आणि कामावर रुजू हो. निवृत्ती तोंडावर आली आहे, हट्ट करू नकोस. माझ्या बहिणीवर अन्याय झालेला मला चालणार नाही.
तुझा भाऊ

ता. १८ जुलै
चि. भाऊस, आशीर्वाद.
बहिणीवरचा अन्याय तुला चालत नाही, हे वाचून आधी हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. सुताराच्या मुलीचा भाऊ खासदार नाही, तिने कुणाला सांगायचं? माझा काही गैरसमज झालेला नाही, तेव्हा तसं लिहून देणार नाही.
सध्या माझ्या पुढच्या खोलीत तीन-चार मुली शिकायला येतात. नर्स काम आटोपून त्यांना विज्ञान शिकवते. सुताराच्या मुलीच्या सासूबाई दाराशी बसून असतात. तपासनीस आले तर त्यांच्याशी आपणच बोलणार, म्हणतात.
निलंबन उठवू नकोस, कायदा उठव. ते होईपर्यंत घरी येऊ नको असं मी म्हणणार नाही. ये, जेवून जा. फक्त पुढच्या खोलीत त्या बसलेल्या असतील, त्यांच्यासमोरून तुला आत यावं लागेल.
लोभ होता तसाच आहे. राग त्याच्याच पोटचा.
तुझी ताई