अफलरीचा आठवा माणूस

३ ऑक्टोबर, मंगळवार.
माझ्या स्कॉटिश नाचाच्या वर्गात नवा नियम: नाचाचं नाव नीट उच्चारता येत नसेल, त्याने तो नाच मागू नये. वॉटी ड्रमंडने 'अफलरीच्या मुली' मागितला. नाचाच्या पुस्तकातल्या अक्षरांप्रमाणे खरा उच्चार 'आखनलारिख'. मी त्याच्याकडून सगळ्यांसमोर तीनदा म्हणवून घेतलं. प्रेमाने. पंचाहत्तरीचा मेंढपाळ, कान लाल झाले. बाकीच्यांना फायदाच झाला.

१० ऑक्टोबर.
वॉटी आला नाही. सर्दी असणार. नाचाला आठ लागतात, आम्ही सात. आठव्याच्या जागी 'भूत' धरलं, म्हणजे रिकाम्या जागेला हात द्यायचा. भूत माझ्याच वाट्याला.

१७ ऑक्टोबर.
वर्गाचा चहा करायला येणारी इना म्हणाली, "अगं, अफलरी म्हणजे वॉटीच्या एल्स्पेथचं माहेर. तिच्या लग्नात तिच्या मामाने हा नाच बसवला. बायकोच्या घराचं नाव तू त्याला शिकवलंस?" मी म्हटलं, ग्लासगोला कॉलेजात मी गेलिक, इथली जुनी भाषा, शिकलेय. म्हणाली, "मग वर गेलीस की एल्स्पेथलाही शिकव."
हातातलं शॉर्टब्रेड, लोण्याचं बिस्किट, परत बशीत ठेवलं. उद्या दहाला वॉटीकडे जाऊन माफी मागायची. ठरलं.

१८ ऑक्टोबर, सकाळी ९.५०.
पाऊस. माफी कोरड्या कपड्यांत मागावी.

२४ ऑक्टोबर.
पुन्हा भूत. मध्येच उच्चार बदलला तर वर्गाची शिस्त जाईल. म्हणून 'आखनलारिख' घोटून घेतलं. मनातल्या मनात मी 'अफलरी' म्हणत होते. ते कुठेतरी जमा होतच असेल.

१४ नोव्हेंबर.
वॉटीच्या फाटकापर्यंत गेले. शॉर्टब्रेडचा डबा ठेवून परतले. चिठ्ठी ठेवली नाही. माफी तोंडीच शोभते.

१५ नोव्हेंबर.
इना सांगत होती, वॉटीच्या कुत्र्याला कुणीतरी अख्खा डबाभर शॉर्टब्रेड घातलं, बिचारा आजारी आहे. मी म्हटलं, लोक काय काय करतात.

२१ नोव्हेंबर.
उत्तम कल्पना. सेंट अँड्र्यूच्या सणाच्या नाचाला मी स्वतः माइकवरून 'अफलरी' म्हणणार. माफीपेक्षा मोठी गोष्ट. इनाकरवी निरोप धाडला. वॉटी येतोय!

२ डिसेंबर, शनिवार.
वॉटी आला. इस्त्रीचा शर्ट, त्यावर एल्स्पेथची पिन. आमच्याच रांगेत, माझ्यासमोर उभा राहिला. मी माइक घेतला: "पुढचा नाच, अफलरीच्या मुली."
अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "आखनलारिख, बाई!" हशा, टाळ्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. इतकं पक्कं मी आजवर काहीच शिकवलेलं नाही.
वॉटी माझ्याकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं, बस.
मी म्हणाले, "सॉरी, जीभ घसरली."
त्याने कोट उचलला.
त्याची जागा भरायला इना उठली. मी तिला बसवलं. वाजंत्री सुरू झाली, आणि मी रिकाम्या जागेला हात दिला.