मशीनले कुंकू, कागदाले अंगठा

रायपूर, दवाखान्यातून
गुरुवार

चिरंजीव गुलाबराव यास थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? वर्ध्यात सून तुझ्या भातावर तूप घालते की नाही? मी मजेत आहे. सांगून राहिली मी आणि लिहून राहिली माझी सून निवेदिता. तेव्हा अक्षर चांगलं दिसलं तर ते तिचं, शहाणपण दिसलं तर माझं.

लिवरमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली. सोमवारी ती रोबोट काढणार. रोबोट म्हणजे चार हातांचं मशीन. डॉक्टर मात्र दूर कोपऱ्यात, डबड्यात डोकं घालून, शिलाई मशीनसारखं पायडल दाबत बसणार. मी म्हटलं, बाबा, माझं पोट इकडे अन् तू तिकडे काहून? तर म्हणे, आजी, हात माझेच चालतील, मशीन फक्त ते थरथरू देत नाही. असे किती केले, विचारलं. चाळीस. त्यातले घरी किती गेले? सगळे, पण तिघांचं रक्त थांबेना, तेव्हा मशीन बाजूले करून पोट नेहमीसारखं उघडावं लागलं. ते तीन त्यानं लपवले नाहीत, म्हणून मले माणूस पटला. (कापलेलं लिवर पुन्हा वाढते म्हणे. मले वाटे, इतका चिवटपणा फक्त तुझ्या दाढीत आहे.)

आता आपल्या घरी मिक्सरसुद्धा हळदकुंकवाशिवाय सुरू होत नाही, ही सवय तुझीच. म्हणून काल व्हरांड्यात हातवालं मशीन दिसताच मी कुंकू लावलं, सुपारी ठेवली, पोटाची अन् घरची सगळी हकीकत सांगितली. वॉर्डबॉय नत्थूभैया म्हणे, दाई (इकडे आईले दाई म्हणतात), ये तो एक्स-रे मशीन आय. म्हणजे एक्स-रेले आपल्या घरचं सगळं माहीत, अन् रोबोटले काहीच नाही. त्याच्या खोलीत कुंकू चालत नाही म्हणून डॉक्टरनं स्वतःचंच कपाळ पुढे केलं. लावलं.

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर तेवढा अंगठा राहिला. नर्सबाईचं शाईचं पॅड सकाळपासून सापडत नाही.

तुझी,
ताई

ता. क. कागद निवेदितानं तीनदा वाचून दाखवला. चांगलं वाचते. पण लग्नापासून आजवर ज्या कागदावर मी अंगठा दिला, तो आधी तू वाचला आहेस. शनिवारच्या गाडीत बस.

आणखी एक. पॅड माझ्या उशीखाली आहे. (आता हे निवेदितालेही समजलं. उशी नीट केली अन् पुन्हा लिहायले बसली.)