फ्रिजवरचा कागद

३ मार्च, मंगळवार

झालं! बदलीचा कागद हातात पडला. एक मेपासून नवं शहर, नवं ऑफिस, आणि त्या शहराच्या अर्ध्या भागातल्या लिफ्ट तपासायला माझ्याकडे. इथून रेल्वेने दोन दिवस. बढती मीच मागितली होती, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही.

नवऱ्याला सांगितलं तर हा म्हणाला, पडदे काय, खिडक्या असतील तिथे शिवता येतात. मशीन उचललं की निघालो! थोरलीने खोलीचं दार आपटलं. चौदा वर्षांची आहे, आपटणारच. दहा मिनिटांनी तेच दार उघडून विचारलं, तिथल्या शाळेत बास्केटबॉल आहे का? धाकट्याने फक्त नकाशाचं पुस्तक काढलं आणि वाटेत नद्या किती लागतात ते मोजलं. सात.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. म्हणणाऱ्याने मुलांच्या शाळा कधी बदलल्या नसाव्यात.

४ मार्च, बुधवार

नव्या ऑफिसातल्या एका बाईंनी फोनवर तीन शाळा सुचवल्या. एकीत पोहण्याचा तलाव आहे. एकीच्या दारावर हे एवढं मोठं घड्याळ. तिसरीचा एकच फोटो सापडला, त्यात पिवळी भिंत आणि एक सायकल. आमच्या घरात त्यांची नावं लगेच पडली – तलाववाली, घड्याळवाली, पिवळी. थोरलीचं मत तलाववालीला. नवऱ्याचंही तलाववालीला, कारण खिडक्या मोठ्या आहेत. हा माणूस शाळेच्या खिडक्या मोजतो!

७ मार्च, शनिवार

खरी गोष्ट लिहूनच टाकते. थोरलीची मला काडीची काळजी नाही. ती कुठेही गेली तरी आठवड्यात चार मैत्रिणी आणि एक शत्रू जमवेल.

धाकटा अडखळतो. बोलायला लागला की कधी कधी शब्द दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो, वर नाही नि खाली नाही. नऊ वर्षांचा आहे, पाचव्या वर्षी सुरू झालं. इथल्या वर्गातल्या पोरांनी पहिल्या वर्षी त्याला ‘बिघडलेला रेडिओ’ नाव ठेवलं, तेव्हा तीन महिने तो शाळेत एक अक्षर बोलला नाही. मी रोज डबा उघडून बघायची, निदान खाल्लंय का. मग हळूहळू पोरं शिकली. आता तो बोलायला लागला की अख्खा वर्ग थांबतो. एवढं व्हायला दोन वर्षं लागली आणि मी बढतीसाठी ते सोडून चालले आहे. नवा वर्ग थांबला नाही तर? पुन्हा ते तीन महिने मला बघवायचे नाहीत.

आम्ही घरचे मात्र पक्के तयार आहोत. अगदी सुरुवातीला एका स्पीच थेरपिस्टबाईंनी कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या. पहिलीच सूचना – तो बोलताना त्याच्याकडे टक लावून बघू नका, त्याला दडपण येतं. तेव्हापासून धाकट्याने तोंड उघडलं की आमच्या नजरा आपोआप दुसरीकडे वळतात. हा गळ्यातली टेप गुंडाळायला घेतो, थोरली नखं बघते, मी ओटा पुसते. आमचा ओटा एवढा चकचकीत का, असं शेजारीण विचारते. काय सांगणार!

तो कागद अजून फ्रिजवर आहे. कडा पिवळ्या पडल्यात, वर वेळापत्रकं, बिलं, थोरलीची चित्रं चिकटलीत. पण शिस्त म्हणजे शिस्त.

९ मार्च, सोमवार

ऑफिसात लिफ्टचा तपासणी तक्ता भरता भरता सुचलं – शाळांचाही करावा. केला! वीस मुद्दे. संडास स्वच्छ आहेत का, पाण्याचे नळ किती, वर्गात मुलं किती, मारतात का, आणि सगळ्यात वर – थांबतात का?

हा पोट धरून हसला. म्हणाला, शाळेचे दोरही तपासणार का? मी म्हटलं, तू आधी तुझी टेप शोध. अर्धा तास घरभर शोधत होता. गळ्यातच होती! काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणून मी आणि थोरलीने त्याला दिवसभर पिडलं.

११ मार्च, बुधवार

घड्याळवालीला फोन केला. प्रवेशाची तोंडी परीक्षा असते. प्रत्येक उत्तराला तीस सेकंद, मग घंटा. थांबतात का – नाही. फुली! पुढचे एकोणीस मुद्दे विचारलेच नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

तलाववालीला फोन. मी नेहमीप्रमाणे आधीच सगळं सांगितलं – तो अडखळतो, हुशार आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. पलीकडच्या बाई फारच गोड. म्हणाल्या, काळजीच करू नका, आमच्याकडे अशी मुलं बरी होतात. त्याला जसा काही ताप आलाय!

मग त्याच्याशी बोलायचं म्हणाल्या. मी फोन दिला आणि ओटा पुसायला घेतला. त्यांनी नाव विचारलं असणार. तो सुरू झाला, पहिल्याच अक्षरावर अडला. तिकडून आवाज आला, ‘हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय,’ आणि फोन बंद. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि जाऊन नद्या मोजायला बसला.

खूप राग आला. पण मग वाटलं, लाइन खरंच खराब असेल. आपणच संशयी. नंतर त्यांनी परत फोन करून माफी मागितली, तलावाचं पाणी कोमट असतं तेही सांगितलं. वीसपैकी सतरा. ‘थांबतात का’च्या पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

१६ मार्च, सोमवार

आज जी शोभा झाली ती लिहू की नको!

पिवळीच्या मुख्याध्यापिकाबाईंनी व्हिडिओ कॉलवर सगळ्या घरादारालाच बोलावलं होतं. आम्ही चौघं सोफ्यावर ओळीने बसलो, भांग पाडून, फोटो काढायला बसल्यासारखे. बाई साठीच्या असाव्यात. चष्मा, पांढरे केस, हसू बेताचंच. मी धाकट्याबद्दल सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, त्यालाच विचारते. आणि विचारलं, तुला काय आवडतं?

त्याला पूल आवडतात. नदीच्या दोन्ही काठांकडून पूल बांधत आणतात आणि मधोमध बरोबर कसे जुळवतात, हे तो सांगायला लागला. पहिल्याच शब्दाला अडकला. झालं – आम्ही तिघं सवयीने कामाला लागलो. याने टेप काढली. थोरलीने नखं. मी ओढणीच्या टोकाने समोरचं टेबल पुसायला घेतलं. चांगलं मिनिटभर चाललं होतं.

त्याचं सांगून झालं. बाई त्याला म्हणाल्या, मधला शेवटचा तुकडा बसवतात तो दिवस मी एकदा पाहिलाय, इथे आलास की सांगेन. आणि आमच्याकडे वळून, अगदी शांतपणे, ‘तुम्हाला ही शाळा बघायची नव्हती का? मुलगा बोलत होता आणि तुमच्यापैकी एकाचंही लक्ष नव्हतं.’

मेल्याहून मेल्यासारखं झालं! मी घाईघाईने आमची पद्धत समजावून सांगितली, थेरपिस्ट, कागद, सगळं. त्या ‘अच्छा’ म्हणाल्या. नुसतं अच्छा.

कॉल संपल्यावर मीच जास्त भडकले. म्हटलं, आणि त्या काय करत होत्या? तो बोलेपर्यंत डोळा हलवला नाही बाईंनी! असं बघतं का कोणी? पोरगं घाबरलं असेल. हा म्हणाला, कॉलवर दिसलं ना, वर्गाला पडदेही नाहीत. थोरली म्हणाली, मैदानात बास्केटबॉलची रिंग आहे पण तिला जाळी नाही. वीसपैकी नऊ.

१८ मार्च, बुधवार

ठरलं. तलाववाली, दोघांनाही. हा म्हणाला, सतरा म्हणजे सतरा. फॉर्म भरून तयार आहे, परवा सही करून पाठवायचा.

माझा नोकरीतला एक नियम आहे. लिफ्टमध्ये स्वतः बसून, प्रत्येक मजल्यावर थांबून बघितल्याशिवाय सही करायची नाही. मालक चहा पाजो नाहीतर पाया पडो. आणि इथे उंटावरून शेळ्या हाकतेय. दोन दिवसांचं अंतर, दुसरं करणार तरी काय! तरी सहीआधी दोघांना एकदा विचारेन. नावापुरतं.

२० मार्च, शुक्रवार

थोरली म्हणाली, हो हो, तलाववाली, पोहायला शिकेन.

धाकट्याला विचारलं तेव्हा आम्ही दोघं खोकी भरत होतो. मी त्याचे सदरे घड्या करून देत होते, तो आत रचत होता. तो म्हणाला, पिवळी. मला वाटलं पुलांच्या गोष्टीसाठी. म्हटलं, अरे, तिथे तलाव नाही, मैदान लहान आहे. का पिवळी?

त्याला वेळ लागला. मी सदऱ्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

‘मी बोलत होतो तेव्हा त्या बाई माझ्याकडे बघत होत्या,’ तो म्हणाला. ‘पूर्ण वेळ.’

मी घडीवर हात फिरवत राहिले.

‘तुम्ही कोणी बघत नाही ना. मला माहितेय आई, तसं बघायला कुणालाच आवडत नाही. चालतं मला.’

चालतं म्हणाला! आणि खोक्यात पुढचा सदरा नीट रचून ठेवला. मी त्याला जवळ घेतलं, तर सदरा चुरगळतोय म्हणाला.

मग फ्रिजपाशी गेले. वेळापत्रकं काढली, बिलं काढली, चित्रं काढली. कागद सबंध असा मी कितीतरी वर्षांनी बघितला. खाली, बिलांच्या आड, थेरपिस्टबाईंचंच अक्षर – ‘हे फक्त पहिले दोन महिने. मग मला पुन्हा भेटा, पुढचं सांगेन.’ आम्ही भेटलोच नव्हतो. तेव्हा त्याला जरा बरं वाटत होतं, माझी नोकरी नवी होती, राहून गेलं. मी! जी दर वर्षी प्रत्येक लिफ्टचा जुना दाखला काढायला लावते, मुदत संपलेली दिसली तर जागेवर बंद करते, त्या मीच दोन महिन्यांची सूचना चार वर्षं चालवली. आणि त्याला वाटत राहिलं की आम्हाला तो बघवत नाही.

नवऱ्याला कागद दाखवला. त्याने दोनदा वाचला, कात्री खाली ठेवली आणि ‘चार वर्षं’ एवढंच म्हणाला. मग डोळे पुसले. थोरली रडली आणि मग चिडली, की मला कुणी सांगितलं का नाही, मी तर तुमचं बघून करत होते. खरंच आहे तिचं.

तलाववालीचा फॉर्म फाडला. थोरलीला सांगितलं, तुला हवं तर तू तिकडे जा. नाक पुसत म्हणाली, नको, जाळी मी इथून घेऊन जाईन.

२१ मार्च, शनिवार

पिवळीला होकार कळवला. तक्ता केराच्या टोपलीत.

दुपारी जेवताना तो परत पुलांबद्दल बोलला. मिनिटापेक्षा जास्तच. आम्ही तिघं हातातले घास तसेच धरून त्याच्याकडे बघत होतो. तो आधी जरा थबकला, एकेकाकडे बघून घेतलं, मग बोलत राहिला.

अडकलेला शब्द सुटला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडते. मला माहीत नव्हतं.