उभ्या काठीचा हट्ट

वरसावे,
६ नोव्हेंबर १९७५

चि. नाथास आजीचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. सुलू लिहून घेतेय. माझे निम्मे शब्द तिला लिहिण्याजोगे वाटत नाहीत, ते तू मनाने भर.

गायमुखाहून नवी होडी तू पौर्णिमेच्या उधाणात, डोलकाठी उभी ठेवून आणणार म्हणे. दाजी सुताराचा निरोप आला आणि माझा हातातला घास तसाच राहिला. अरे, घराच्या तोंडाशी पूल झालाय, दिसत नाही का? गेल्या अमावास्येला राघोची काठी वर पुलाला अडकली, खालून ओहोटीने होडी ओढली, ती आडवीच झाली. केसांना धरून बाहेर काढला त्याला. हात अजून गळ्यात आहे. तू काठी उतरव आणि अष्टमीला ये, तेव्हा पाणी मवाळ असतं.

माया आहेच; कोरडा आलास तर जास्त.
तुझी आजी

गायमुख,
९ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. राघो झोपेत सुकाणू धरतो, मी नाही. आपली रीत तूच सांगितलीस ना? घरच्या बाईने ओवाळून नारळ फोडेपर्यंत नव्या होडीची काठी आडवी करायची नाही. आजोबांनी कधी केली नाही. मी केली तर गाव हसेल. आणि भरतीला काठी पुलाला लागते हे मलाही कळतं, म्हणून तर निम्मी ओहोटी झाल्यावर येतोय. उगाच घोर लावून घेऊ नकोस. सुलूला खाऊ आणतो.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तुझा नाथा

वरसावे,
१२ नोव्हेंबर

चि. नाथास आशीर्वाद, नाइलाजाने. शहाण्या, निम्म्या ओहोटीला काठीला जागा मिळते, पण पाणीही तेव्हाच सर्वांत जास्त ओढतं. सुकाणू ऐकत नाही, होडी खांबावर जाऊन आपटते. तुझ्या आजोबांनी काठी उतरवली नाही म्हणतोस. त्यांच्या वेळी वर पूल होता की नुसतं आभाळ?

घरची बाई मी. ओवाळायला घराचाच धक्का लागतो असं कुणी सांगितलं? पौर्णिमेला सकाळच्या एसटीने ताट घेऊन गायमुखाला येते, नारळ तिथेच फोडते. रीत पुरी झाली. मग काठी उतरव, नाहीतर उभी ठेव आणि निम्म्या ओहोटीलाच सोड होडी. मी पुढच्या टोकाला, नाळेवर बसणार. मला पोहता येत नाही, ठाऊक आहेच तुला. सुलू रडतेय, म्हणून इथेच पुरे.

आजी

गायमुख,
१५ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. तू ये. नारळ फुटला की तुझ्यादेखत काठी उतरवतो. भरती भरून पाणी थांबलं की वल्ही मारत पुलाखालून होडी काढतो. दाजी सोबत आहेत.

तू मात्र एसटीनेच परत जायचं. मी उदार झालो होतो ते माझ्या जिवावर, तुझ्या नव्हे.

नाथा