ओग्दोचं इंजिन

खारा क्युएल,
१६ फेब्रुवारी १९९६

प्रिय स्पिरिदोन,

तुला, वहिनींना आणि दोघी पोरींना सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे पत्राच्या सुरुवातीला 'ठीक' लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढं वाचशीलच.

अक्षर बघून दचकू नकोस. डाव्या हातानं लिहितोय. उजव्याचं प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं, पण मूठ अजून वळत नाही. चमचा धरला तरी सांडतो.

तीन आठवडे झाले, पारा उणे पन्नासच्या वर यायला तयार नाही. धुकं असं की समोरच्या घराचा धूर दिसतो, घर दिसत नाही. घोड्या बऱ्या आहेत, फक्त पांढरी घोडी वाळली आहे. ओग्दोने दादा-वहिनीसाठी मासे बाजूला काढून ठेवलेत, मोठे मोठे. कोणी शहराकडे निघालं की पाठवू.

हात कसा मोडला ते तिनं तुला कळवलंच आहे. ट्रॅक्टरचं मोठं इंजिन फिरवणारं छोटं पेट्रोल इंजिन दोरीनं सुरू करताना त्यानं उलटा झटका दिला. खरं आहे, पण अर्धंच. दोरी मी मुठीला गुंडाळली होती. तू आपल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ब्रिगेडमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय सांगायचास? 'दोरी बोटांत धर, मुठीला गुंडाळशील तर हात इंजिनाला देऊन घरी जाशील.' मीसुद्धा वीस वर्षं लोकांना तेच सांगत आलो. पण त्या दिवशी आयताल बघत उभा होता, आणि मला एका झटक्यात चालू करून दाखवायचं होतं.

आयताल तुझ्यानंतर गावात आला. आपल्या वीजघरात मेकॅनिक आहे. बत्तीस वर्षांचा, उंच, शहरात शिकलेला, दात सगळे जागेवर. बायको सायिना शाळेत शिकवते.

गावाचं गवत अजून नदीपलीकडच्या कुरणात पडलेलं, घराघरांत पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या पोचवायच्या, आणि माझा हात गळ्यात. ओग्दो म्हणाली, "मी चालवते." मी हसलो. चालवणं सोपं आहे रे, चालत्या ट्रॅक्टरवर कोणीही बसेल. या थंडीत तो चालू करणं, तिथं माणूस कळतो. तरी म्हटलं, बघू. पहिल्या दिवशी मी मेंढीच्या कातड्यात गुरफटून स्लेजवर बसलो आणि एकेक सांगत गेलो. रात्रभर चुलीजवळ ठेवलेलं ऑइल आण. ओत. ब्लो लॅम्प पेटव, इंजिनाच्या पोटाखाली धर, ज्योत फिरती ठेव. डिझेलच्या नळीवर गरम पाण्याचं फडकं टाक, आत डिझेलनं मेण धरलंय. आता छोट्या इंजिनाचा प्लग लाव. ती 'हो, हो' करत सगळं करत होती. दोन तास लागले. मला वाटलं, बिचारी घाबरली आहे. खरं सांगतो, बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू कशाला गारठतोस? घरात बस."

मी घरात बसलो. आणि आयताल यायला लागला.

रोज सकाळी, वीजघरातली रात्रपाळी संपली की थेट आमच्या अंगणात. मी चमच्यानं खिडकीवरचा बर्फ खरवडून डोळ्याएवढं भोक पाडायचो. त्यातून काय दिसणार? वाफ, ब्लो लॅम्पची निळी ज्योत आणि एकमेकींजवळ वाकलेल्या दोन टोप्या. पण ऐकू यायचं. ती हसायची. स्पिरिदोन, इतक्या थंडीत माणूस बोलायचंसुद्धा टाळतो, आणि ही हसते! मग इंजिन धडधडायचं. आधी तासाभरानं, मग पाऊण तासानं, मग माझ्यापेक्षाही लवकर. ती चहाला आत यायची ती पापण्यांवर बर्फ आणि गाल लाल, जणू आमचं लग्न व्हायचंय अजून. जेवताना आयताल असं म्हणाला, चहा पिताना आयताल तसं म्हणाला. एकदा मी म्हटलं, "त्याची बायको पोटुशी आहे. सकाळी तिच्याजवळ थांबावं त्यानं."

"थांबतो की. इथून घरीच जातो," ती म्हणाली. तिच्या डोक्यातसुद्धा काही आलं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मला त्याचंच एकट्याचं दुखत नव्हतं. गावातला जो तो तिचं कौतुक करायला लागला. दुकानात म्हातारे माझ्या तोंडावर म्हणायचे, "गाव्रील, तुझा ट्रॅक्टर हल्ली लवकर उठतो हं!" बावीस वर्षं या गावात थंडीत कोणाचं इंजिन अडलं की माझं दार वाजायचं. तू होतास तोवर आधी तुझं, पण तू गेल्यापासून तरी माझंच. तीन आठवड्यांत ते दार वाजायचं थांबलं. वाजलंच तर विचारायचे, "ओग्दो आहे का?"

आता पुढचं. कालपासून या ओळीपाशी अडलोय.

छोट्या इंजिनाचा प्लग आम्ही संध्याकाळी काढून आणतो आणि चुलीच्या कठड्यावर ठेवतो. गरम प्लग लावला की ठिणगी नीट पडते. बावीस जानेवारीला पहाटे मी तिच्या आधी उठलो, कठड्यावरचा प्लग उचलला आणि कोटाच्या खिशात टाकला. मोडायचा नव्हता, फेकायचाही नव्हता. तिनं तासभर शोधावा, आयतालला काही सुचू नये, मग दोघांनी माझ्याकडे यावं, आणि मी म्हणावं, "थांबा, बघतो काही होतंय का." एवढंच. पन्नाशीचा माणूस मी.

ती शोधायला लागली. कठडा, जमीन, राखेची बादली. मी चहा पीत होतो. बाहेर उणे चोपन्न.

तेवढ्यात आयताल आला. नेहमीसारखा नाही, टोपीसुद्धा नव्हती डोक्यावर. मागं दवाखान्यातली अनिस्या. सायिनाला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. अनिस्या म्हणाली, "माझ्या हातातलं नाही हे. तालुक्याच्या हॉस्पिटलात न्यायला हवं." धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. दवाखान्याची गाडी आठवडाभर बंद, तिचं इंजिन गोठून चिरलेलं. गावचा दुसरा ट्रॅक्टर कुरणावर. राहिला आमचा. नदीच्या बर्फावरून चाळीस किलोमीटर.

"ओग्दोताई, किती वेळ लागेल चालू व्हायला?" आयतालने विचारलं.

"प्लग सापडत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

आयताल माझ्याकडे वळला. "गाव्रीलदादा, दुसरा आहे का एखादा? जुना? कसलाही?"

माझा डावा हात खिशात होता. प्लग मुठीत होता, गरम. काढून दिला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "नाही."

स्पिरिदोन, हे मी म्हटलं. बायको अडलेल्या माणसाच्या तोंडावर.

ओग्दोनं शोधणं सोडलं. मग पडवीत गेली, लाकडं कापायची मशीन ओढून आणली, पाना लावला आणि तिचा प्लग काढला. चुलीच्या निखाऱ्यावर चिमट्यात धरून तापवला. मला कधी सुचलं नव्हतं की तो प्लग त्या इंजिनालाही बसतो. अनिस्याला म्हणाली, "ट्रॅक्टरमागच्या स्लेजवरच्या खोपटात शेगडी पेटवा, सायिनाला आणा," आणि बाहेर पडली. मी मागोमाग गेलो. त्या दिवशी खिडकीतून बघणं मला जमलं नसतं.

तिनं ब्लो लॅम्प असा फिरवला की ज्योत कुठं थांबली नाही आणि कुठं घाई केली नाही. दोरी बोटांत धरली, अंगठा बाहेर. ओढायच्या आधी इंजिनावर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, "उठा आजोबा, चहा झालाय."

 हे शब्द मी जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकले होते. तुझ्या. ब्रिगेडच्या गॅरेजात रोज सकाळी. उभं राहणं तेच, खांदा टाकणं तेच. दुसऱ्या ओढीला छोटं इंजिन लागलं, मिनिटभरानं मोठं. अर्ध्या तासात ते चौघं धुक्यात दिसेनासे झाले.

मूल वाचलं. मुलगी आहे. जन्मली तेव्हा निळी पडली होती म्हणे, रडायला वेळ लागला. डॉक्टर अनिस्याला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचं सांगता येत नव्हतं. लाकडं कापायची मशीन घरात नसती तर हा 'थोडा उशीर' झालाच असता, आणि तो कोणाच्या खिशात होता, ते मला एकट्याला ठाऊक.

ओग्दो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. मी प्लग टेबलावर ठेवला.

"कुठं सापडला?" तिनं विचारलं.

"सापडला नाही. माझ्याकडेच होता."

कोट न काढता ती बाकावर बसली. "आयतालने विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मी हरवला असं समजून चाळीस किलोमीटर स्वतःला शिव्या देत गेले, गाव्रील."

यावर माणसानं गप्प बसावं. मी बसलो नाही. चोराच्या उलट्या बोंबा! विचारलं, "आणि तू? हे सगळं आयतालने शिकवलं का तुला?"

 "आयतालने? अरे, त्याला मी शिकवतेय. वीजघरातली इंजिनं बटणावर चालतात. थंडीत बटण बंद पडलं तर गाव अंधारात जाईल, म्हणून येतो तो रोज. आणि मला स्पिरिदोनदादानं शिकवलं. चौदा वर्षांची होते तेव्हापासून, बाबांच्या ट्रॅक्टरवर."

"मग बावीस वर्षं बोलली का नाहीस?"

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तू मला म्हणालास, 'तू आत जा, गारठशील, बघ मी कसा चालू करतो.' तुझा चेहरा इतका खुलला होता की मी आत गेले. मग रोजच जात राहिले. पण तुझा हात मोडल्यावरही मी दोन तास लावून दाखवले, तुला वाईट वाटू नये म्हणून. ते मात्र चुकलं माझं."

तिच्या त्या पहिल्या दिवशीच्या 'हो, हो'ला मी भीती समजत होतो!

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी आयतालकडे गेलो, दारातच सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. बरोबर केलं. ओग्दोला विचारलं, मी काय करू? म्हणाली, "दादाला लिही. तुझ्या हातानं, एकही गोष्ट न गाळता. माझ्याकडे दाखवायला आणू नकोस." म्हणून हे पत्र.

एकही गोष्ट गाळायची नाही, तर हेही लिहितो. तू शहरात जायला निघालास तेव्हा सगळी ब्रिगेड नदीपर्यंत पोचवायला आली होती. मी आजारी असल्याचा निरोप पाठवला होता. आजारी नव्हतो. बर्फातून तुझी गाडी वळणाआड गेली तेव्हा गॅरेजात एकटा बसून मी म्हटलं, चला, आता माझा नंबर पहिला. तुझा हेवा करता करता माझी अर्धी उमर गेली, आणि घरात तूच बसला होतास, बायकोच्या बोटांत.

तो हेवा गेला असं लिहिणार नाही. आज सकाळीही तिनं दोरी ओढली, इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं, आणि हेवाही पेटला. मी फक्त दाराशी उभा राहिलो आणि नजर वळवली नाही.

उत्तर तिच्या नावानं पाठव. मला काही सुनवायचं असेल तर तेही तिच्याच पत्रात लिही. वाचून दाखवायचं की नाही ते ती ठरवेल.

तू तिला शिकवलंस ते बरं केलंस. ही एक ओळ लिहायला मला तीन दिवस लागले.

गाव्रील