बशीतली रेघ

प्रिय आई,

गुडघ्याच्या ऑपरेशनला तू पुन्हा नकार दिलास, असं बाबा फोनवर म्हणाले. तो विषय नंतर. आधी आमच्या प्रयोगशाळेतलं ऐक, आणि पूर्ण वाचल्याशिवाय पत्र बाजूला ठेवू नकोस.

गेल्या सुट्टीत तुझ्या दंडाच्या आतून तांदळाएवढं कातडं घेतलं होतं, आठवतं? पोरीनं आजवर डोकं खाल्लं, आता कातडंही जाऊ दे, असं तू नर्सला म्हणालीस. त्यातल्या पेशी मी वाढवल्या, शेजारच्या बशीत माझ्याही. त्यांना दिवसाआड खाऊपिऊ घालावं लागतं, रविवारीसुद्धा, म्हणून माझं घरी येणं होत नाही. पोरीला माया नाही म्हणतेस, पण अगं, मी इथे तुझंच तर करतेय.

मायक्रोस्कोपखाली माझ्या पेशी बारीक, निमुळत्या, सतत घाईत. तुझ्या मात्र ऐसपैस पसरलेल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी वाढणं थांबवलंय, पण मेलेल्या नाहीत. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला. ही माझी आई, आणि ती मला इतक्या जवळून कधी दिसलीच नव्हती.

परवा दोन्ही बशांत पेशींच्या थरावर मधोमध रेघ ओढली, म्हणजे जखमच केली. काल पाहिलं तर माझी भरून आली होती, तुझी उघडीच. माप घेऊन बशा टाकायच्या, असा इथला नियम. माझी टाकली, तुझी टाकवेना. कुणाला न विचारता ती परत उबेच्या पेटीत ठेवली. आज सरांना कळलं. ते ओरडायलाच आले होते, पण मायक्रोस्कोपमध्ये डोकावले आणि स्टूल ओढून बघतच बसले. दोन्ही काठांवरून तुझ्या पेशी हळूहळू सरकत येऊन एकमेकींना भेटल्या होत्या. रेघ कुठे होती ते शोधूनही सापडेना. मला रडूच आलं.

या वयात जखमा भरत नाहीत, माझं आता संपलं, असं तू बाबांना म्हणालीस ना, तेव्हापासून मला झोप नाही. बशी म्हणजे शरीर नव्हे, एवढं मलाही कळतं. डॉक्टर बरं होईल म्हणतात, तुझा विश्वास बसत नाही. मग निदान स्वतःवर तरी ठेव. ऑपरेशनला हो म्हण, आई. तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागेल. लागू दे, मी थांबेन.

तुझीच,
भुंगी